अथणी, रायबाग, खानापूर : गुराढोरांच्या मुलखात चार दिवस जायचंय

पायवाट
नमस्कार मंडळी. माझे आजोबा बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यातले. त्यांच्या दावणीला शेवटपर्यंत खिलार जोडी होती. वडील नोकरीसाठी पुण्यात आले, आजोबा गेले आणि 1984 साली जोडी विकली. त्या बैलांचं आमच्या घरात आता एवढंच उरलंय : शिंगांच्या टोकाला घालायच्या दोन पितळी शेंब्या. माझी अकरा वर्षांची लेक परवा त्या हातात घेऊन म्हणाली, "ही झाकणं कशाची?" ते ऐकून बाबा उठून आतल्या खोलीत गेले.

तेव्हापासून डोक्यात आहे की बाबांना (वय 72) आणि लेकीला घेऊन तिकडे जायचं. गोकाकचा धबधबा, कित्तूर, सौंदत्ती हे सगळं चांगलंच आहे, पण या खेपेला ते नको. जिथं माणसं अजून जनावरांच्या वेळेनं उठतात आणि झोपतात तिथं जायचंय. आमचं तिथं आता घर नाही, जमीन नाही, जवळचं कुणी नाही. कधी जावं, कुठं राहावं, कन्नड येत नाही तर अडेल का? आणि मुख्य म्हणजे अनोळखी माणसाच्या गोठ्यात असं जाता येतं का?

मिरजवाला
रेल्वेनं मिरजेपर्यंत या. तिथून बेळगाव मार्गावर शेडबाळ, उगार, कुडची, चिंचली, रायबाग अशी स्टेशनं लागतात. अथणीला उगार किंवा कुडची सोयीचं. फक्त 'चिकोडी रोड' हे नाव बघून तिथं उतरू नका. चिकोडी गाव तिथून बरंच लांब आहे आणि रात्रीची गाडी असेल तर पोरंबाळं घेऊन स्टेशनात बसावं लागेल. मी बसलोय.

कृष्णाकाठ
ताई, मी अथणी तालुक्यातलाच. शेती आणि सहा जनावरं. आधी एक लक्षात घ्या, आमच्या एका तालुक्यात दोन मुलूख आहेत. नदीकाठ काळ्या रानाचा, सगळा ऊस. तिथं गोठ्यात म्हशी आणि संकरित गाई. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळतं, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला, दर दहा दिवसांनी पैसे. नदी सोडून उत्तर-पूर्वेला जत आणि विजापूरच्या बाजूला सरकलात की माळ लागतो. पाऊस कमी, जोंधळा, तूर, आणि तिथंच खिलार टिकलीय. मेंढरंही तिकडंच. तुमच्या आजोबांचं गाव यातल्या कुठल्या बाजूला ते सांगा.

कधी यायचं म्हणाल तर ज्येष्ठी पौर्णिमेला या. आमच्याकडं त्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात, कन्नडमध्ये कार हुण्णिमे. महाराष्ट्रातला बेंदूर आषाढात, पोळा त्याच्या पुढं. आमचा बैल सगळ्यांच्या आधी सजतो, कारण पेरणी तोंडावर असते. आदल्या दिवशी खांदमळणी, म्हणजे बैलांचे खांदे चोळणं, सणादिवशी अंघोळ, हुरमुंजाचे तांबडे ठसे, शिंगांत कडबोळ्यांच्या माळा आणि संध्याकाळी वेशीत कर तोडणे. वेस म्हणजे नुसती कमान नव्हे, तिथं आडवी दोरी बांधतात, पानाफुलांची, तिला कर म्हणायचं. बैल पळवत आणून ती तोडायची. म्हातारी माणसं सांगतात, पांढरा बैल पुढं आला तर पांढरं पीक, म्हणजे जोंधळा चांगला, आणि तांबडा आला तर तांबडं पीक.

रोखठोक
मला हा बेतच पटत नाही. गोठा म्हणजे बघायचं ठिकाण नव्हे. तिथं एक कुटुंब आपलं काम करत असतं. शहरातून माणसं येणार, वासराबरोबर फोटो काढणार, शेणाचा वास आला की नाकाला रुमाल लावणार. आमच्या गावात दोन-तीनदा हे झालंय. पहाटे धारेच्या वेळी गाडी भरून पाहुणे आले, म्हैस बुजली, पान्हा चोरला. त्या वेळचं दूध गेलं, त्याचे पैसे कोण देणार? पायवाट, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण आधी हा विचार करा.

कृष्णाकाठ
रोखठोक, तुमचं खरं आहे. पण त्यावर उपाय 'येऊ नका' हा नाही. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला 'बर्री, कुंद्री' म्हणायची रीत आहे, या, बसा. अडचण येण्याची नाही, वेळेची आहे. धार काढायच्या वेळी नवा माणूस गोठ्यात नको. दूध डेअरीला गेलं, वैरण टाकून झाली, जनावर रवंथ करत बसलं की मग या, सकाळी नऊनंतर. तेव्हा मालकालाही बोलायला सवड असते. बोलायला त्याला आवडतं, कारण त्याच्या जनावराबद्दल त्याची स्वतःची पोरंसुद्धा विचारत नाहीत.

ढोरवैद्य
पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालो आहे, या भागात बरीच वर्षं काढली. दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली काळजीची. 2022 मध्ये लंपी रोगानं किती दावणी रिकाम्या केल्या ते आम्ही पाहिलंय, आणि लाळ्या-खुरकूत तर नेहमीचाच. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात त्याच चपलांनी जाऊ नका. दारात चुना टाकलेला असेल तर त्यावर पाय देऊन आत जा. नसेल तर पाण्यानं पाय धुवायला मागा. मालकाला राग येणार नाही, उलट हा माणूस जाणता आहे असं तो समजेल.

दुसरी, डोळे उघडे ठेवून बघण्याची. सगळे पांढरे बैल खिलार नसतात. खिलार म्हणजे अंगानं आवळ, मान ताठ, तोंड लांबट, शिंगं मुळाशी जवळजवळ आणि मागं वळून वर गेलेली. त्यात कोसा निराळा, काजळी निराळा. गाय दिवसाला दोन-तीन लिटर देते, म्हणून दुधाच्या हिशोबात ती हरते. पण उन्हात आठ तास चालण्यात तिच्या गोऱ्ह्याचा हात कोण धरणार?

आणि तिसरी गोष्ट एका जातीची, जिचं नाव आता तिच्याच गावांत विसरलेत : कृष्णा खोरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी ती वाढीला लावली. गीर, ओंगोल, कांक्रेज आणि इथली म्हैसुरी वळणाची जनावरं यांच्या संकरातून. हेतू एकच होता, कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात खोल नांगरट करील असा बोजड बैल. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या तिन्ही नद्यांच्या काठी तो होता. रान नांगरायला ट्रॅक्टर आला आणि बैलाचं कामच संपलं. नोकरीच्या सुरुवातीला गावागावांत दिसायचा. शेवटी शेवटी एक चांगला वळू बघायला मी दिवसभर फिरायचो. तुम्हाला कुठं दिसला तर त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबा.

सह्यकडा
खानापूरकडेही जा, पण पावसात नको. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जूनपासून असा पाऊस लागतो की रस्ता आणि ओढा वेगळा ओळखू येत नाही. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते. त्या रानात गवळी धनगरांचे वाडे आहेत. वाडा म्हणजे चार-पाच घरं आणि त्यांच्या म्हशी, सकाळी सोडल्या की स्वतः रानात जाऊन संध्याकाळी स्वतः परतणाऱ्या. माझी आत्या अशाच एका वाड्याजवळच्या गावात दिली होती. डोक्यावर लोण्याचा डेरा घेऊन बाया उतरायच्या, लोणी देऊन तांदूळ न्यायच्या. त्या लोण्याला रानातल्या पाल्याचा वास यायचा.

त्याच रानातलं भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं. तेव्हापासून चराईचे नियम, वाघ-बिबट्यानं म्हैस मारली तर पंचनाम्याची धावपळ, पोरांच्या शाळा, असे बरेच प्रश्न त्या वाड्यांपुढं आहेत. परवानगीशिवाय आत शिरू नका. जांबोटीच्या बाजारात विचारलं तर वाड्यावरचं कुणीतरी भेटतंच.

गल्लीकर
म्हशी बघायला रानात कशाला? दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात या! गवळी गल्ली, कॅम्प, सगळीकडे म्हशी सजवून बाहेर काढतात. अंगावरचे केस कातरून नक्षी, शिंगांना रंग, मोरपिसं, कवड्यांचे पट्टे. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या आवाजामागं पळत. दोरी नसते हो! नुसती हाक. माझ्या मित्राची म्हैस गर्दीत त्याला सोडून दुसऱ्याच्या गाडीमागं गेली, कारण त्या गाडीवर त्याची आई बसली होती. रोज खायला घालणारी तीच ना.

धूळपेर
कुणी बैलगाडी शर्यतीचं बोललं नाही. खिलार आज टिकलीय ती शर्यतीमुळं. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा खोंडांचे भाव पडले, लोकांनी गाई ठेवणं सोडलं. कर्नाटकानं 2017 मध्ये कायदा बदलला आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं तो आणि महाराष्ट्राचा, दोन्ही उचलून धरले. आता परत गाय राखावी असं पोरांना वाटतंय. शर्यत बघा, मगच मुलूख कळेल.

ढोरवैद्य
बाजारभावाचं तुम्ही म्हणता ते बरोबर. पण शर्यतीनंतर माझ्याकडं आलेली जनावरंही मी पाहिलीत. शेपटीचा मणका पिरगाळून सुजलेला, पाठीवर खिळ्याच्या खुणा. चांगला मालक असं करत नाही हे मान्य. तरी अकरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच भेटीत शर्यत दाखवू नये असं माझं प्रामाणिक मत. तिनं आधी बैल बसलेला बघावा.

धूळपेर
खिळे लावणाऱ्याला आम्ही मैदानात उभा करत नाही, डॉक्टर. पण शेवटचं वाक्य पटलं.

घोंगडी
मी निपाणीकडचा. गुरांवर एवढं झालं, बकऱ्यांवर कुणी बोलेना. आमच्याकडं मेंढरांना बकरीच म्हणतात, गोंधळू नका. काळ्या लोकरीची दख्खनी मेंढी. पाऊस सुरू झाला की पश्चिमेच्या ओल्या रानात तिचे खूर कुजतात, म्हणून धनगर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, उचलून पूर्वेच्या माळाला जातो आणि सुगी झाली की परतीला लागतो. बेंदराला अथणीच्या माळावर गेलात तर आमचीच माणसं तिथं भेटतील, कोल्हापुरी बोलणारी.

रात्री बकरी रानात बसवतात. वाघरीचं जाळं लावायचं, आत कळप, बाहेर कुत्री. रानाला खत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. संत बाळूमामांचा जन्म आमच्या अक्कोळचा, 1892 चा. त्यांची बकरी अजून बग्ग्या-बग्ग्यांनी, वेगवेगळ्या कळपांनी, गावोगाव फिरतात आणि आपल्या रानात ती बसावीत म्हणून शेतकरी वाट बघतो. मामा कन्नड बोलायचे, मराठी बोलायचे. पायवाट, भाषेचं विचारलंत ना? इथं बकऱ्याला हाक एका भाषेत आणि शिवी दुसऱ्या भाषेत असते. अडणार नाही.

एकच सांगतो, धनगराला "किती बकरी आहेत" असं विचारू नका. आमच्यात मोजून सांगणं बरं मानत नाहीत. "बकरी चांगली हायत" म्हणा, तेवढं पुरे.

मिरजवाला
निपाणी, चिकोडी, खानापूरला मराठी सगळीकडे चालते. अथणीत दोन्ही. रायबागच्या पुढं गोकाककडे कन्नड जास्त. थोडे शब्द पाठ करा : एत्तु म्हणजे बैल, आकळु गाय, एम्मे म्हैस, कुरी मेंढी, करु वासरू, हालु दूध. आणि कुणाशी काहीही बोललात की शेवटी 'री' लावा, आमच्याकडच्या 'जी'सारखं. सणाच्या दिवसांत जाताय म्हणून ठीक, पण 1 नोव्हेंबरच्या आसपास बेत करू नका. तिकडे राज्योत्सव, मराठी माणसांचा काळा दिवस, एसट्या कधी सीमेवरच्या कोगनोळीलाच थांबतात.

चुलाणं
खाण्याचं कुणी लिहीना. जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी, आणि म्हैस नुकती व्यालेली असेल तर खरवस. कन्नडमध्ये गिण्णू. मागू मात्र नका, वासराचं पोट भरून उरलेल्या चिकाचाच तो असतो. बेळगावचा कुंदा सगळे नेतात, पण ताज्या चिकाची वडी घेऊन येणारा अजून मला भेटला नाही.

पायवाट
किती लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना रात्री एकेक प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवते आहे. आजोबांचं गाव नदीकाठचंच, त्यामुळं आम्ही दोन्हीकडे जाऊ. कृष्णाकाठ, एक विचारू? बाबा म्हणतात आमचं घर 2019 च्या पुरात पडलं असं कुणीतरी कळवलं होतं. त्या वेळी जनावरांचं काय झालं?

कृष्णाकाठ
ताई, त्याबद्दल मी कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितो.

ऑगस्टचा पहिला आठवडा. पाणी दरवर्षी येतं, मळीपर्यंत, म्हणजे काठच्या रानापर्यंत, येतं आणि जातं, म्हणून आम्ही गाफील. त्या रात्री दोन वाजता वडिलांनी उठवलं. गोठ्यात घोट्याएवढं पाणी आणि सहा जनावरं उभी, एकही ओरडत नव्हतं. पूर आला की जनावर गप्प होतं हे मला तेव्हा कळलं. दावी भिजून फुगली होती, गाठ सुटेना. वडील म्हणाले, विळा आण. एकेक दावं कापलं. म्हशी आपापल्या निघाल्या, त्यांना पाण्याची भीती नाही. गाय जाईना, कारण वासरू चार दिवसांचं. ते मी खांद्यावर घेतलं, मग ती माझ्या पाठीला नाक लावून चालली, कमरेएवढ्या पाण्यातून माळापर्यंत. तिचा श्वास मानेवर लागत होता.

एक म्हैस दोन दिवस सापडली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या शाळेच्या आवारात उभी होती, तिथल्या माणसांनी वैरण घातली होती, धारही काढली होती आणि दूध छावणीतल्या पोरांना वाटलं होतं. त्यांना आमचं नाव माहीत नव्हतं, आम्हाला त्यांचं.

2021 ला परत पाणी आलं, तेव्हा आम्ही आधीच हललो. आता पावसाळ्यात दाव्याला गाठ मारत नाही, खुंटीला नुसता फासा असतो.

रोखठोक
कृष्णाकाठ, हे वाचून मी काय लिहू. पायवाट, मी आधीचा विरोध मागे घेतो. नऊनंतर जा आणि मुलीला तो फासा दाखवा.

पायवाट
मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहिते आहे, पण सविस्तर लिहिते.

अथणीत लॉजवर राहिलो. खांदमळणीच्या दिवशी माळावरच्या एका गावात गेलो. कृष्णाकाठांनी ज्यांचं नाव सुचवलं त्यांच्या ओसरीत शिरताना लेकीनं न सांगता पाय धुवायला पाणी मागितलं. घरमालकीणबाई हसल्या आणि तिथून पुढं ती त्यांचीच झाली. एका वाटीत लोणी-हळद, दुसरीत ऊन पाणी. बैलाच्या खांद्यावर जू घासून घट्टा पडलेला असतो, तिथं हळूहळू चोळायचं. लेकीनं हात लावला तसं त्याच्या कातडीवरून पाण्यावर वारा यावा तशी लहर गेली. ती दचकली, बैल नाही. मग वेळूच्या नळ्यानं त्याला तेल-हळद पाजली. मान वर करून त्यानं ती मुकाट घेतली.

संध्याकाळी मैदानाकडे वाघरी दिसली, आत काळी मेंढरं. बाबांनी धनगराला सांगितलं, "बकरी चांगली हायत." तो लगेच सरकून बसला आणि घोंगडीवर जागा दिली. घोंगडी, तुमचे आभार.

दुसऱ्या दिवशी करीला वेशीत एवढी गर्दी की आम्हाला नीट दिसलंच नाही. धूळ, ओरडा आणि मग एकदम शांतता. तांबडा पुढं आला म्हणे. आमच्या शेजारचे आजोबा लगेच तुरीचं बियाणं किती आणायचं ते मुलाला सांगू लागले.

आता शेंब्यांचं. बाबांनी त्या पुण्याहून पिशवीत घालून आणल्या होत्या, आम्हाला माहीत नव्हतं. बैल सजवताना त्यांनी हळूच काढल्या. घरमालक बघून म्हणाले, "दोनच? जोडीच्या चार पायजेत की." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग आजवर आम्हाला कधी न सांगितलेलं त्यांनी त्या माणसाला सांगितलं. 1984 च्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला, हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यानं, पैसे मोजले. शेंब्या सौद्यात नव्हत्या, म्हणून बाबा त्या काढायला लागले. एका बैलाच्या निघाल्या. दुसऱ्याच्या काढणार तेवढ्यात हेड्यानं कासरा ओढला आणि बैल वळून बघत बघत गेला. "मी पळालो नाही त्याच्यामागं," बाबा म्हणाले. "पळायला पायजे होतं."

घरमालकांनी त्या दोन शेंब्या घेतल्या, टोकाला सुतळी गुंडाळली आणि आपल्या बैलाच्या शिंगांवर बसवल्या. सैल होत्या, पण मिरवणूक संपेपर्यंत राहिल्या. रात्री त्यांनी त्या राखेनं घासून, पुसून परत दिल्या.

परतताना नदीकाठच्या गावात आमच्या घराची जागा पाहिली. जोतं आहे. त्यावर कुणीतरी कडबा रचलाय.

ढोरवैद्य
वाचलं. ज्याच्या शेंब्या आहेत तो बैल डावा का उजवा, वडिलांना आठवतं का?

पायवाट
विचारलं. लगेच म्हणाले, "उजवा. डावा हौश्या होता, तो गेला तसाच."

कृष्णाकाठ
ताई, माघी पौर्णिमेला आमची गाडी चिंचलीला मायाक्का देवीच्या यात्रेला जाते. दोन मुक्काम वाटेत, रात्री बैल सोडून गाडीखाली झोपायचं. तुमच्याकडच्या गाड्याही येतात सांगली-कोल्हापुराहून, मैलभर रांग लागते. बाबांना चढायला त्रास होईल म्हणून मागं फळी लावून घेतो. लेकीच्या शाळेचं बघा आणि कळवा. शेंब्या आणा, या खेपेला आतून चामडं लावून नीट बसवू.